मोडायचा पंख

जोलीन श्रॅगला राग आला की तिचा आवाज खाली जायचा. श्रॅगांच्या घरात आवाज चढवायची पद्धतच नव्हती. मेनोनाइट या शांतताप्रिय ख्रिस्ती पंथाचं घर, रविवारी चर्चमध्ये शांततेची शिकवण, रोज जेवणाच्या टेबलावर शांततेची शिकवण, आणि पोरीच्या नाकावर मात्र जन्मापासून राग. तो बाहेर कसा काढायचा हे कुणी शिकवलं नाही, म्हणून ती दात आवळून हळू बोलायला शिकली. ओळखणारे तिच्या ओरडण्याला नाही, कुजबुजण्याला घाबरत.

तिचा बाप ऑर्लिन कॅन्ससमधल्या विचिटा शहरातल्या एका विमान कारखान्यात पंख मोडायच्या विभागात होता. हो, मोडायच्याच. नव्या विमानाचा एक पंख तिथे फक्त मोडण्यासाठी बांधतात. लोखंडी सांगाड्यात अडकवून तो वाकवत वाकवत नेतात, आणि फुटला की मगच त्याची खरी ताकद कळते. अशा दिवशी ऑर्लिन घरी येऊन गरम बिरॉकचा, म्हणजे कोबी-खिमा भरलेल्या पावाचा, घास घेता घेता म्हणायचा, "आज मोडला." आणि आई विचारायची, "चांगला मोडला ना?" शेजारच्या लग्नाची चौकशी करावी तशी. जोलीन हे ऐकत मोठी झाली. न मोडलेल्या पंखावर माणसं कशी विश्वास ठेवतात, हे तिला खरोखरच कळायचं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ती विद्यार्थ्यांच्या विमान संघात होती. दर वर्षी स्पर्धेचे नियम येतात, त्याप्रमाणे माणूसभर लांबीचं, जमिनीवरून रिमोटने चालवायचं विमान आखायचं, बांधायचं, आणि वसंतात गावाबाहेरच्या मैदानावर ओझं घेऊन उडवायचं. नियोजन तिच्याकडे आलं, म्हणजे तिच्या गळ्यात मारलं गेलं. विमान बांधायला सगळे पुढे. कुणी काय कधी करायचं हे ठरवायला चिटपाखरू नाही.

"तू किती व्यवस्थित आहेस गं," कप्तान ट्रेंट हॅलोरन म्हणाला. "आमचं अक्षरसुद्धा धड नाही."

"अक्षर सुधारता येतं, ट्रेंट. वही मिळते दुकानात."

तो हसला. त्याला वाटलं विनोद झाला.

तरी तिने नियोजन केलं, आणि मन लावून केलं. ऑक्टोबरात फळ्यावर सगळी आखणी मांडली, आणि मधोमध एक ओळ लिहिली: एक पंख मोडण्यासाठी. आधी एक जोडी पंख बांधायचे, हवा पंखाला खालून उचलते म्हणून ते उलटे ठेवून वाळूच्या पिशव्यांनी मोडायचे, काय चुकलं ते बघायचं, आणि मग खरे बांधायचे.

ट्रेंटने ती ओळ वाचली आणि बोटाने पुसून टाकली. डस्टरसुद्धा घेतलं नाही.

"दोन आठवडे मेहनत करून बांधायचं आणि मोडायचं? आपण काय वेडे आहोत का?"

"मोडला नाही तर तो किती पेलेल हे कसं कळणार?"

"हिशेब केलाय ना कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरला गोंद लावता येत नाही. गोंद तू लावणार आहेस."

मार्गदर्शक होते प्रोफेसर बीडल. ते मागे कॉफी घेऊन उभे होते. जोलीनने त्यांच्याकडे पाहिलं. बीडल म्हणाले, "तुमचा संघ आहे, तुम्हीच ठरवा. त्यातूनच शिकायचं असतं." आणि पुसलेल्या आखणीखाली सही करून गेले. काही शिक्षकांना हात झटकणं हीच शिकवण वाटते.

फेब्रुवारीत पंख तयार झाले. देखणे होते, खोटं कशाला बोला. मधल्या कार्बनच्या नळीचे दोन तुकडे ट्रेंटने स्वतः जोडले होते, घाईत, दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे म्हणून. जोलीनने पुन्हा विचारलं, निदान थोडा भार तरी टाकून बघूया.

"आणि मोडला तर उडवायचं काय?" ट्रेंट म्हणाला. "एकच तर आहे!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकच का आहे, तर दुसरा यानेच पुसला म्हणून. आता एकच आहे म्हणून तपासायचा नाही. ती इतकं हळू बोलली की शेजारच्या टेबलावरची रीमा फराहसुद्धा मान वर करून बघायला लागली. "देवाने डोकं दिलंय, ट्रेंट. टोपी घालायला नाही दिलं."

आणि विमान उडालं. नुसतं उडालं नाही, झकास उडालं. शेवटच्या फेरीत पूर्ण ओझं घेऊन ते कॅन्ससच्या त्या बेभान वाऱ्यात वळलं, घरच्या माणसांसाठी टाकलेल्या मांडवावरून घोंघावत गेलं आणि अलगद उतरलं. मांडवात ट्रेंटची आई धाकटीला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारच्या घडीच्या खुर्चीत ऑर्लिन बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. संघाचा नंबर वर लागला आणि ट्रेंटला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं.

आंधळ्याच्या गाई देव राखतो. पण आंधळा त्यावरून गुराखीपणाचे धडे द्यायला लागला की काय करायचं?

कारण मे महिन्यात तेच झालं. पुढच्या वर्षीच्या आखणीची बैठक होती. नवी कप्तान रीमा, दुसऱ्या वर्षाची, चुणचुणीत मुलगी. ट्रेंट फळ्यापाशी उभा राहून तिला सांगत होता, "आणि पंख मोडायची भानगड ठेवू नकोस. जोलीन मागे लागेल, पण बघितलंस ना? गरजच नव्हती." रीमा मान हलवत लिहून घेत होती. विमान टेबलावर होतं. दुपारी ते कॉलेजच्या दर्शनी दालनात टांगायचं होतं, आणि बीडल शिडी आणायला गेले होते.

जोलीनला त्याच्या हसण्याचा राग नव्हता आला कधी. राग आला त्या मान हलवण्याचा. ही पोरगी आता कुठलाही पंख मोडणार नाही, तिच्यानंतरची मोडणार नाही, आणि एक दिवस वारा जरा जास्त असेल.

ती उठली. विमान उचलून उलटं केलं, पाठ दोन ठोकळ्यांवर टेकवली आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या पिशव्या आणायला लागली.

"ए, काय करतेयस?" ट्रेंट ओरडला. "अगं ते टांगायचंय!"

"गरज नव्हती ना? मग घाबरतोस कशाला?" तिने एक पिशवी उजव्या पंखावर ठेवली, एक डाव्या. "त्या वळणावर जेवढा भार आला असेल, तेवढाच टाकते. त्याहून कण जास्त नाही. रीमा, तू मोज."

रीमा मोजायला आली. ट्रेंट हात पुढे करून उभा राहिला, पण पिशव्या काढायला धजला नाही. काढल्या असत्या तर तो काय कबूल करतोय हे सगळ्यांना दिसलं असतं.

निम्मा भारही झाला नव्हता. कडकन आवाज आला आणि उजवा पंख खाली लोंबला, पिशव्या फुटून वाळू जमिनीभर झाली.

जोलीनने वाकून मोडलेली नळी पाहिली आणि रीमाच्या हातात दिली. जोडाच्या अर्ध्या भागात गोंद पसरलेलाच नव्हता. तिथली नळी नव्यासारखी गुळगुळीत चमकत होती. उरलेल्या अर्ध्या गोंदावर ते विमान माणसांच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि त्या वळणात तोही तडकून गेला होता.

"आई होती तिथे," ट्रेंट म्हणाला. "छोटी पण."

"माझे बाबा पण होते."

तेवढ्यात बीडल शिडी आणि तारा घेऊन आत आले. त्यांनी पंख पाहिला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "हे कुणी केलं? कुणाच्या परवानगीने?"

आणि जोलीन श्रॅग आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. बाहेरच्या वाटेवरची माणसं थांबली इतकी. "तुमच्या परवानगीने व्हायला हवं होतं हे, सर! ऑक्टोबरात! तो पुसत होता तेव्हा तुम्ही कॉफी पीत होता! पोरं शिकतात म्हणे! काय शिकली? नशीब शिकली! ही रीमा तेच लिहून घेत होती आत्ता!"

तिचा आवाज फाटला. तिला स्वतःलाच तो ओळखीचा वाटला नाही. बीडलच्या हातातल्या तारा सुटून खाली पडल्या.

रीमाने नळी टेबलावर ठेवली आणि हळूच विचारलं, "मग आता दालनात काय टांगायचं?"

"हेच," जोलीन म्हणाली. "पंख असाच लोंबता ठेवून. आणि नळीचं तोंड खालून दिसेल असं."

बीडलनी ट्रेंटकडे पाहिलं, ट्रेंटने जमिनीवरच्या वाळूकडे. मग बीडल शिडी आणि तारा उचलून दालनाकडे निघाले, आणि ती धरायला ट्रेंट मागोमाग गेला.