हवा हुंगून बसणारी

आमच्या शेजारची ही पोरगी एअर होस्टेस आहे, मूळची मुखेडकडची. सुट्टीला नांदेडला आली की रिक्षातसुद्धा आधी डोकं घालून हवा हुंगते, मगच बसते. गल्ली हसते. हसू दे, म्हणते.

एकदा उडत्या विमानात ओल्या मोज्यांसारखा वास सुटला. तेव्हापासून तिचे हात थरथरतात. इंजिनातून आत येणाऱ्या हवेत तेल मिसळलं, अशी तिनं तक्रार केली. ती मागे घ्यायला लावायला कंपनीचे साहेब घरी आले, तेव्हा मी तिथंच होते.

"कुणीतरी बूट काढले असतील," साहेब हसत म्हणाले. "बाकी कुणाला काही झालं नाही. तुम्हालाच कसं झालं?"

ती चहा ओतत होती. बशीत सांडला, तरी तिनं हात लपवला नाही. चिडली की तिच्या तोंडी गावची बोली येते.

"तक्रार मागं घेणार न्हाई, साहेब. आमच्याकडं जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडलं की आधी आतली हवा बघाया कंदील सोडत्यात. तो विझला तर माणूस उतरत न्हाई. तूच कसा विझलास, असं कंदिलाला कुणी इचारत न्हाई."