नानांच्या पडद्यावरची खूण

धुळ्यात परवा एका इंजिनिअरने संगणकावर काळा पडदा उघडला. ओळीच्या सुरुवातीला # ही खूण दिसली आणि जळगावच्या आमच्या दैनिकाची संगणक खोली आठवली. दाराशी काढलेल्या चपला, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास. नव्वदचे दशक सरत आले होते.

त्या सकाळी एरंडोलच्या बातम्यांची फाइल पुसली गेली होती. व्यवस्थापक नाना ऑपरेटर शोभावर कडाडले, "तुझ्या भावाच्या मारामारीची बातमी होती ना त्यात? उद्यापासून येऊ नकोस."

"नाना, माझ्याच्याने पुसलीच जात नाही. ही बोदवडची पुसून दाखवू?"

"अगं, थांब!"

तोवर तिने बटण दाबले होते. परवानगी नाही, असे यंत्राने उत्तर दिले. तिच्या ओळीपुढे $ होते, म्हणजे साधी वापरकर्ती. कुठलीही फाइल पुसू शकणारी # ही खूण एकाच पडद्यावर असे. वडीलधाऱ्यांना कमी अधिकार कसे द्यायचे, म्हणून यंत्र बसवणाऱ्याने ती मानाने नानांना दिली होती.

सगळ्यांनी नानांच्या पडद्याकडे पाहिले. "चुकून गेली असेल," नाना म्हणाले. शोभाची नोकरी राहिली.

तेव्हा मीही ती चूकच मानली. आता तसे वाटत नाही. फाइल त्याच सकाळी फोनच्या तारेवरून आली होती आणि आमच्यापैकी कोणीही ती उघडली नव्हती. नानांना मात्र आतली बातमी ठाऊक होती. शोभाच्या भावाने कोणाशी मारामारी केली, ते नाव छापून आलेच नाही.