पेटीत न गेलेल्या बंदुका

लढाई थांबून चार वर्षं झाली तरी अपोलोनियाचा पाय घरात ठरत नव्हता. सकाळी रताळ्याच्या मळ्यात जायची, वेल अर्धेमुर्धे लावून परत यायची, चुलीपाशी बसायची आणि पाणी उकळायच्या आत उठून नदीवर जायची. शेजारणी म्हणायच्या, "हिच्या पायाला मुंग्या चावल्यात."

बोगनव्हिल बेटावरच्या त्या सिवाई भागात जमीन बाईच्या नावानं चालते. अपोलोनिया आपल्या कुळातली थोरली, म्हणून तिचा शब्द मोठा. तिचा धाकटा भाऊ जर्वेस. तो डोंगरातल्या बंडखोरांना मीठ पोचवतो, असा सरकारी फौजेच्या बाजूच्या पोरांना संशय आला, आणि एका दुपारी त्यांनी त्याला, गावकऱ्यांना डांबून ठेवलेल्या सरकारी छावणीतून उचलून नेलं. नेणाऱ्यांच्या पुढं होता पलीकडच्या वाडीतला थॅडियस. अपोलोनियाच्या हातचं खाऊन वाढलेला. जर्वेस परत आला नाही.

आता तह झाला होता. परदेशी निरीक्षकांनी बंदुका ठेवायला लोखंडी पेटी आणून ठेवली होती. बंदुका गेल्या की निवडणूक, आपलं स्वतःचं सरकार. पण थॅडियसची माणसं म्हणत, आधी अपोलोनियानं आमच्याबरोबर सुपारी खावी. दिलजमाई झाल्याशिवाय हत्यार टाकलं, तर उद्या तिचे भाचे आम्हाला सोडतील कशावरून?

म्हातारा मुखिया इग्नेशियस तिच्या अंगणात येऊन बसला.

"पोरी, तीन डुकरं देतायत ते. चांगली गलेलठ्ठ आहेत."

"मग तुम्हीच खा."

"तुझ्या एकटीपायी सगळा मुलूख अडून बसलाय. पेटी रिकामी पडलीय नुसती."

"पडू दे. पावसाचं पाणी साठवा तिच्यात." ती उठून उभी राहिली. "माझा भाऊ कुठं टाकलाय ते सांगतंय का कुणी? हाडं आणा. मग सुपारी."

थॅडियसच्या माणसांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तिला वाट बघवेना. दोन दिवसांनी ती स्वतःच कोयता आणि काखेत चटई घेऊन थॅडियसच्या दारात उभी राहिली. त्याची बायको किंचाळली. अपोलोनिया म्हणाली, "ओरडू नकोस गं, रान तोडायला आणलाय. ए थॅडियस, चल. दाखव."

तो मान खाली घालून उठला. मग निघाला. दोघं ओढ्याच्या कडेनं वर चढली. एका गालिपच्या, म्हणजे रानबदामाच्या झाडाखाली तो थांबला. "इथं, मावशी."

तिनं खणलं, त्यानंही खणलं. मुळ्या आणि दगड, दुसरं काही नाही. अपोलोनियानं कोयता मातीत रोवला.

"खोटं बोललास."

"वरच्या बाजूला आहे तो," थॅडियस म्हणाला. "तिथं मला जाववत नाही. रोज झोपेत जातो मी तिथं."

"मी जागेपणी जाते रोज. कुठं जायचं ते ठाऊक नसताना. चल ऊठ."

वर रानआल्याच्या दाट जाळीत, दरडीखाली, हाडं सापडली. डाव्या हाताचं हाड वाकडं होतं. लहानपणी नारळाच्या झाडावरून पडला होता जर्वेस, आणि ते तसंच जुळलं होतं. अपोलोनियानं ते हाड मांडीवर घेतलं आणि बराच वेळ त्यावरची माती बोटांनी काढत राहिली. थॅडियस दूर उभा राहून रडत होता.

"तिकडं काय रडतोयस? इकडं ये, धर चटईचं टोक. मला एकटीला उचलायचा नाही हा."

दोघांनी मिळून जर्वेसला घरी आणलं. कुळाच्या जमिनीत पुरलं. मग डुकरं कापली, वैर संपल्याची खूण म्हणून दोन्ही बाजूंनी धनुष्यं मोडली, आणि अपोलोनियानं थॅडियसच्या हातची सुपारी चुन्यात बुडवून तोंडात टाकली. त्याच आठवड्यात बंदुका पेटीत गेल्या आणि पेटीला दोन कुलपं लागली, एक थॅडियसच्या माणसांचं, एक निरीक्षकांचं.

निवडणूक आली तेव्हा थॅडियस माजी लढवय्यांच्या राखीव जागेवर उभा राहिला. मत मागायला तिच्याकडंही आला.

"सुपारी खाल्ली तुझ्याबरोबर," ती म्हणाली, "मत दुसऱ्याला देणार. राग आला?"

"नाही मावशी."

"आला तरी आता बंदूक नाही तुझ्याकडं. बस, रताळं खा."

निवडणुकीत तो पडला. ती मात्र तेव्हाही निवांत झाली नाही. जर्वेस सापडल्यावर आपला जीव थाऱ्यावर येईल असं तिला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. एके दिवशी शेजारच्या बुइन भागातली एक अनोळखी बाई तिच्या दारात आली. तिचा नवरा सापडत नव्हता. नेणारा माणूस जिवंत होता, पण तोंड उघडत नव्हता.

"तू त्याला काय म्हणालीस गं?" त्या बाईनं विचारलं. "थॅडियसला?"

"काही विशेष नाही. चल म्हणाले." अपोलोनियानं चूल विझवली आणि कोयता उचलला. "तुझा तो माणूस राहतो कुठं?"