कथा म्हणालो ते

आमच्या परंड्यातल्या वाचनालयात बायकांच्या लेखनाचा कार्यक्रम होता. अध्यक्ष मी. कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून आधी थोडं बोलायचं होतं. विषय दिला होता कथेतर लेखन.

मी रंगात येऊन बोललो. आठवणी, चरित्रं, प्रवासवर्णनं, शेतीवरची पुस्तकं, अगदी लोणच्याच्या कृतीसुद्धा यात येतात, असं सांगितलं. "काय गाळायचं, कुठून सुरुवात करायची, हे लिहिणाऱ्यानं ठरवावं. पण न घडलेलं त्यात घालता येत नाही. वाचणारा तेवढ्याच भरवशावर पान उघडतो," म्हणालो. टाळ्या पडल्या.

मग बायका एकेक करून वाचायला उठल्या. त्यांत माझी धाकटी बहीणही होती. किल्ल्याकडल्या आमच्या जुन्या घरात ती आईला घेऊन राहते. आईची एक बाजू लुळी पडली आहे. मी स्टँडच्या पलीकडं, नव्या वस्तीत राहतो. बहीण लिहिते हे मला माहीतच नव्हतं.

तिनं आई न्हाणीत पडली त्या सकाळचं लिहिलं होतं. आईला एकटीनं उचलता येईना, म्हणून तिनं भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, "पेपर तपासतोय. शेजारी कुणी आहे का बघ." शेवटी तिनं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला हाक मारली. तो भला माणूस धावत आला. ओल्या लुगड्यातल्या आईला परक्या पुरुषानं उचललं, तेव्हा आईनं चालत्या हातानं पदर तोंडावर ओढून घेतला. भाऊ रविवारी आला.

शब्द अन् शब्द खरा होता. पदराचं तेवढं मला ठाऊक नव्हतं.

बहिणीनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणींना आमचं घर माहीत होतं. माझे कान तापले. समारोपाला उठलो आणि तोंडातून निघून गेलं, "ही कथा फार छान जमली आहे. भावाचं पात्र चांगलं उभं केलंय."

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "म्हंजी हे घडलं न्हाय व्हय, सर?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. उत्तर बहिणीनं दिलं. "घडलंय, मावशी. कथा न्हाय ही." आवाज चढवला नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. पुढं मी काय बोललो ते आठवत नाही. आभार मानायच्या आधीच बाहेर पडलो.

कार्यक्रम सुटल्यावर तिला माझ्या गाडीपाशी गाठलं. "छापायला देशील तेव्हा तो फोन तेवढा काढ," म्हणालो.

"दादा, फोन काढला तर दुकानदाराला का बोलवावं लागलं, ते कसं सांगू?"

"माझीही काही बाजू असेल की."

"असंल तर लिही की. मी कुठं अडवलंय?"

घरी येऊन खरंच लिहायला बसलो. पेपरांची घाई होती, असं लिहिलं. खोडलं. घाई नव्हती. आईला तशा अवस्थेत बघायची भीती वाटत होती, असं लिहिलं. ते वाचायला बरं होतं, पण खरं तेही नव्हतं. मला उठायचा कंटाळा आला होता. एवढंच घडलं होतं, आणि ते कागदावर उतरवायला हात होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईकडं गेलो. बहीण तिची चादर बदलायला निघाली होती. "मी करतो," म्हणालो. तिनं चादर माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेली. आईला कुशीवर कसं वळवायचं, हात कुठं धरायचा, मला काहीच कळेना. धरला तो दुखरा खांदा. आई कळवळली.

"राहू दे बाबा," ती हळूच म्हणाली. "तुला न्हाय जमायचं. तिला हाक मार."

मी बहिणीला हाक मारली.