नौपाड्यातल्या गाळ्याचा खरा भाव

नौपाड्यातला एक दुकानाचा गाळा मला आवडला होता, परवडत होता आणि मालकाला विकायचाही होता. तरी तो मला घेता आला नाही. त्याचं कारण मी.

रिटायर झालो, पेन्शन नाही. म्हणून बाळकुमच्या फ्लॅटमध्ये बसून ठरवलं की एक गाळा घ्यायचा आणि त्याच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं. करंदीकर नावाच्या वयस्कर गृहस्थांनी आपल्या बंद गाळ्यावर 'विकणे आहे' अशी पाटी लावली होती. फोन केला, त्यांनी भाव सांगितला.

"बरा वाटतोय. उद्याच टोकन देऊन टाकू," सुनीता म्हणाली. (सुनीता माझी बायको. तिचा माणसांवर विश्वास आहे. तिने माझ्याशी लग्न केलं, यावरून कळेलच.)

"पण हा भाव खरा कशावरून?"

एका एजंटला विचारलं तर म्हणे, जास्त आहे. (म्हणजे ह्याला दुसराच गाळा खपवायचाय.) दुसरा म्हणाला, कमी आहे. (म्हणजे गाळ्यात लफडं आहे.) वेबसाइटवर एकच शटर, एकच फोटो आणि भाव तीन! सरकारी दरांचं रेडीरेकनर चौथाच सांगत होतं. मग मी ठरवलं, खात्रीचा डेटा आपणच गोळा करायचा.

युक्ती साधी होती. वेगवेगळ्या माणसांनी करंदीकरांना फोन करायचे. सगळ्यांना एकच भाव सांगितला, तर माणूस सच्चा.

डोंबिवलीचा माझा मेव्हणा मिलिंद केमिस्ट झाला. कल्याणला राहणारी लेक ब्यूटी पार्लरवाली झाली. सुनीताला मी दातांची डॉक्टर केलं. "मला नाही हो जमत खोटं बोलायला," असं म्हणून तिने करंदीकरांना कवळी कशी सांभाळावी ते अर्धा तास सांगितलं.

संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. "भावोजी, मला तर जास्त सांगितला." लेकीला त्याहून जास्त. सुनीताला त्याहूनही!

"बघितलंस? आवाज ऐकून भाव लावतोय."

"अहो, पण तुम्हाला सांगितला त्या भावात घेऊन मोकळे व्हा ना."

"खात्री झाल्याशिवाय नाही."

खात्रीसाठी सगळ्यांना पुन्हा फोन करायला लावले. मिलिंदने ऑफिसातले दोघे जुंपले. मी स्वतः नाक दाबून माजिवड्याचा मिठाईवाला झालो. दर फोनला भाव चढत होता. मी वहीत लिहिलं, 'मागणी प्रचंड', आणि ते वाचून मलाच घाम फुटला. एवढी गिऱ्हाइकं मागे लागली तर गाळा हातचा जाणार! आठव्या दिवशी टोकनचा चेक खिशात घालून रिक्षाने नौपाडा गाठला.

करंदीकर स्टुलावर उभे राहून पाटी काढत होते.

"विकला?" मी ओळख सांगून विचारलं.

"छे. आता कशाला विकू? दीड वर्षात कोणी विचारलं नव्हतं. पहिले तुम्ही. आणि मग आठ दिवसांत केमिस्ट, पार्लर, डेंटिस्ट, मिठाईवाला! इथे नक्की काहीतरी मोठं येतंय. तुम्हा सगळ्यांना कळलंय, फक्त मला कोणी सांगत नाही."

"अहो, ती सगळी माझीच माणसं. डेंटिस्ट माझी बायको आहे. मिठाईवाला मी."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "बाकीच्यांना कटवून स्वस्तात घ्यायचाय होय? एवढा भोळा नाही मी."

पाटी काखेत मारून ते निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर माझ्या म्हातारपणाची सोयही. जीव हळहळला. आठवडाभरातल्या सगळ्या माहितीत मी त्यांना आत्ता सांगितलेली तेवढी एकच गोष्ट शंभर टक्के खरी होती, आणि नेमका तिच्यावरच त्यांनी विश्वास ठेवला नाही. पण त्यांना नावं तरी कशी ठेवू? त्यांच्या जागी असतो तर मीही नसता ठेवला.