चिरुटाची पारख

हिंगोलीतली गोऱ्या साहेबांची छावणी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी उठून गेली होती. मागे राहिला तो चिरुटाचा शौक. निजामाचे अंमलदार, जहागीरदार, पेन्शनीतले फौजी उंची माल ओढत, पण आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, चिरुटाचे व्यापारी; त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय कोणी पेटी घेत नसे. या घरात पोटापेक्षा नाकाला मान, असं मी चिडून म्हणायची.

चिडण्यासारखंच होतं. मद्रासकडची पेटी रेल्वेनं आली की त्या दिवशी घरात फोडणी बंद. लसूण नाही, हिंग नाही, देवापुढची उदबत्तीसुद्धा पारख झाल्यावर. मालक कोरडी भाकर खाऊन, चूळ भरून बैठकीत बसत. चिरूट बोटांत हलकेच दाबून कानाशी धरायचा. कुरकुरला तर पान फार वाळलेलं. मग न पेटवता वास. मग एक झुरका, धूर तोंडात घोळवून नाकातून सोडायचा. राख पांढरी निघाली आणि न पडता टिकली, तर माल अव्वल.

ज्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला, त्याच हिवाळ्यात आमची पोरगी झाली. ते उठून बसायला लागल्यावर मी लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं. आमच्या घरी बाप लेकरू पहिल्यांदा घेताना त्याची टाळू हुंगतो. त्यांनी हुंगली, पुन्हा हुंगली आणि पोर माझ्याकडे परत दिली. त्यानंतर जवळ घेतली नाही. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं, असं मी धरून चालले. चिरुटाला नाक लावून तासन् तास बसणाऱ्या माणसाला स्वतःचं लेकरू जड झालं, याचा मला फार राग होता, आणि रागाच्या खाली दुःख होतं.

पोरगी रांगायला लागली त्या सुमारास एक पेटी आली. बैठकीत एक म्हातारे जमादार बसले होते, मुसलमान, फौजेतून निवृत्त झालेले, आमचं जुनं गिऱ्हाईक. मी पडद्याआड पोरीला घेऊन होते. पेटी उघडली आणि घासलेटचा वास आतपर्यंत आला. स्टेशनवरून येताना गाडीत डबा सांडला असणार. मालकांनी चिरूट कानाशी धरला, हुंगला, पेटवला, राख पाहिली आणि म्हणाले, "अव्वल."

जमादारांनीही एक हुंगला. पुन्हा हुंगून पाहिला. मग हसून म्हणाले, "सेठ, आमचंच नाक बिघडलं बगा. तुमी अव्वल म्हणता, तर अव्वलच."

एवढा विश्वास, आणि तो असा मातीत जाणार. त्यांना आत बोलवायला मी बांगड्या वाजवल्या. मालक आत आले.

"घासलेटचा वास येऊन राहिला की! तुमाला न्हाई आला काय?"

त्यांनी दाराचा पडदा ओढून घेतला. मग खाली बघून म्हणाले, "तापापासून कायबी वास येत न्हाई मला."

तापापासून. म्हणजे लेकराची टाळू हुंगली तेव्हाही. तोंड फिरवलं ते मुलगी म्हणून नव्हे.

ते बाहेर गेले. मला वाटलं, काहीतरी सबब सांगतील. पण त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "जमादारसाब, तुमचं नाक बराबर हाय. माझं गेलंय. बाजारात सांगा, आता माझ्या शब्दावर पेटी घेऊ नका."

मग जमादारांची काठी वाजली. जाताना ते म्हणाले, "नाक गेलं, पण सांगणाऱ्याचा शब्द तर शाबूत हाय ना, सेठ." त्या माणसाला मी जन्मात विसरले नाही.

मालक आत येऊन चुलीपाशी बसले. हात पुढे केले. मी पोरगी दिली. त्यांनी तिच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून म्हणाले, "सांग."

"काय सांगू?"

"हिचा वास कसा हाय? मला ठावं न्हाई."

मी वाकून हुंगलं. दूध, खोबरेल, धुरी, आणखी काही, ज्याला नाव नाही. शब्द सुचेना. शेवटी त्यांचाच शब्द तोंडात आला.

"अव्वल," मी म्हणाले.

ते मान हलवत राहिले, पण नाक तिच्या टाळूवरून उचललं नाही.