टाकीच्या झाकणावरचं कुंकू

व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात काही बंद पडलं की मला बोलावतात. मी जातो, सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघतो आणि एकच प्रश्न विचारतो, ‘शेवटचं काय बदललं?’ हा प्रश्न मी इतकी वर्षं, इतक्या सावकाश आवाजात विचारत आलोय की नवी पोरं माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात. करू देत. बहुतेक वेळा बिघाड तिथंच सापडतो. कुणीतरी आदल्या दिवशी काहीतरी हळूच बदललेलं असतं आणि तोच ‘आम्ही काही केलंच नाही’ म्हणून सगळ्यात मोठ्याने सांगत असतो. गेल्या वर्षी माझी स्वतःची गाडी बंद पडायला लागली तेव्हा हा प्रश्न मी मेकॅनिकला विचारला, बायकोला विचारला, पेट्रोल बंकवरच्या माणसालाही विचारला. स्वतःला तेवढा विचारायचा राहिला.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दोन सीटांची, उघड्या टपाची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्‌स कार. राजाजीनगरच्या घरातून अप्पा दर रविवारी तिच्यातून फिरायला निघत आणि शेजारच्या सीटवर मी असे. माझी थोरली बहीण, अक्का, फाटकाशी उभी राहून आम्हाला हात करी आणि आत जाऊन आईच्या हाताखाली कामाला लागे. सीटा दोनच, त्याला कोण काय करणार, असं मला तेव्हा वाटायचं. अप्पा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, त्यालाही वीसेक वर्षं झाली. त्या वीस वर्षांत मी आपणहून अक्काला ‘पुढच्या रविवारी तुला फिरवतो, नक्की’ असं अनेकदा म्हटलंय. ती मोजत बसली नाही, हे माझं नशीब.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी गाडीची पूजा मात्र दरवर्षी अक्काच करते. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूची माळ, आणि कुंकवाचं पहिलं बोट पाठीमागच्या पेट्रोल टाकीच्या गोल चकचकीत झाकणावर. ‘जिथनं खाते तिथं पहिलं कुंकू,’ हे तिचं शास्त्र. आधी आई लावायची, आईनंतर ती. गेल्या वर्षी ते कुंकू लावता लावताच तिने सांगितलं की मुलाने तिला कायमचं ऑस्ट्रेलियाला बोलावलंय आणि दिवाळीनंतरच्या गुरुवारचं तिकीट आलंय. भावोजी गेल्यापासून जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच होती, तेव्हा हे कधीतरी होणारच होतं. तरी मी नारळ हातात धरून तसाच उभा राहिलो.

‘तम्मा,’ ती म्हणाली. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, आमच्या घरातही तेच चालतं. ‘जायच्या आत एकदा मला या गाडीनं नंदीच्या डोंगरावर नेतोस का रे? अप्पा तुला न्यायचे तसं. वर जायचं, कॉफी प्यायची, यायचं.’

साठी उलटलेल्या बहिणीने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी छाती फुगवून म्हटलं, ‘अगं, येत्या रविवारीच!’ आणि या खेपेस मला खरंच ते पाळायचं होतं.

पहिल्या रविवारी मी टाकी काठोकाठ भरून घेतली. अक्का नारिंगी काठाची साडी नेसून, केसांना रुमाल बांधून तयार. मेख्री सर्कलच्या आसपास गाडीने दोन गचके दिले आणि मान टाकली. मागून रिक्षावाले माझ्या खानदानाची विचारपूस करू लागले. बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या वाटीत पाहिलं तर ती कोरडी ठाक. म्हणजे इंजिन ठणठणीत, पण त्याच्या तोंडापर्यंत पेट्रोल पोचत नव्हतं. इथवर माझं निदान बरोबर होतं, हे नोंदवून ठेवतो, कारण यापुढे ते कुठंच बरोबर नाही.

पेट्रोल दाखवणारा काटा कधीचाच मेलेला असल्यामुळे मी टाकीत लाकडी फूटपट्टी बुडवून मोजतो. तेव्हाही झाकण उघडून पट्टी बुडवली. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं. मग अक्काच्या पाण्याच्या बाटलीने टॉवेल ओला करून पुढच्या नळीवर गुंडाळला, कारण उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते, हे मी कुठंतरी वाचलं होतं. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. ‘बघितलंस? वाफ!’ मी म्हणालो. ‘सरी,’ अक्का म्हणाली, म्हणजे कानडीत ‘बरं’. वीस मिनिटांनी ती पुन्हा बंद पडली. पुन्हा फूटपट्टी, पुन्हा टॉवेल. असे टप्पे घेत आम्ही घरी परतलो.

आठवडाभर मी आणि आमचा नेहमीचा म्हातारा मेकॅनिक गाडीखाली होतो. त्याने नळीला तोंड लावून फुंकर मारली आणि ‘पेट्रोल बरतिल्ला सार,’ म्हणजे पेट्रोल येत नाही, हे मला ठाऊक असलेलंच सत्य पुन्हा सांगितलं. फिल्टर बदलला. नळ्या साफ केल्या. मी लॅपटॉपवर एक तक्ता उघडला. त्यात वेळ, ऊन, वेग, अंतर असे रकाने घातले आणि त्यांना रंग दिले. टाकीत चार बोटं पेट्रोल ठेवून राजाजीनगरातच चार चकरा मारल्या. गाडी वाऱ्यासारखी पळाली. तक्त्यात मी हिरव्या रंगात ‘सुटलं’ असं लिहिलं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा टाकी काठोकाठ, पुन्हा तीच साडी. हेब्बाळच्या पुलावर, अगदी चढाच्या मधोमध, गाडी बंद. पाठीमागे विमानतळाच्या टॅक्स्यांची रांग. मी घामाघूम होऊन टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला शिव्या घातल्या, आणि अक्काने ‘स्वल्प थांब रे, एवढं काय,’ म्हणून पर्समधली शंकरपाळी पुढे केली. मी तिच्यावरही खेकसलो. तिने शंकरपाळी परत पर्समध्ये ठेवली. त्या खेकसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात नवा पंप बसवला. बायको म्हणाली, ‘तुमच्या अक्कांना टॅक्सी करून नंदीला नेऊन आणा ना. डोंगर तोच आहे.’ मी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने घर विकायला काढलंय. प्रश्न डोंगराचा नव्हताच. पण मग कशाचा होता, हे तिने विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं.

तिसरा रविवार शेवटचा. गुरुवारी तिचं विमान. येलहंका मागे पडलं आणि मी मनात म्हटलं, जिंकलं. तोच नव्या पंपाची टकटक मंद होत गेली, आणि मग ती जीवघेणी शांतता. गाडी रस्त्याकडेला लावून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं. चष्मा पुसायच्या निमित्ताने ते पुसलं. मग सवयीने फूटपट्टी घेऊन मागे गेलो.

अक्काही उतरून मागोमाग आली. मी झाकण उघडलं तशी ती म्हणाली, ‘हेच. ऐकलास?’

‘काय?’

‘दर वेळी हे झाकण उघडतोस तेव्हा सुस्स करून हवा आत जाते बघ. लोणच्याची बरणी गच्च बसली की होतं तसं. आणि त्यानंतरच तुझी गाडी चालू होते. मला वाटलं तुला ठाऊक असेल. तू इंजिनीअर.’

मी झाकण हातात घेऊन उभा राहिलो. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल हलत नाही. ती हवा यायला या झाकणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. टाकी काठोकाठ भरली की आत हवेला जागाच नाही, म्हणून गाडी वीस मिनिटांत गुदमरायची. चार बोटं पेट्रोलवर गल्लीत मजेत पळायची. आणि दर वेळी ती बरी व्हायची ती टॉवेलने नव्हे, फूटपट्टीसाठी झाकण उघडल्याने. रंगीत रकान्यांच्या माझ्या तक्त्यात झाकणाला रकानाच नव्हता.

भोक कुठं होतं? अक्काच्या कुंकवाखाली.

पण तिथं कुंकू दरवर्षीच असतं. आठ दिवसांत पॉलिशच्या फडक्याने ते निघून जातं. मग या वर्षीच असं का? तेव्हा कुठे मला माझा तो प्रश्न आठवला. शेवटचं काय बदललं? मी बदललं होतं. आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन झाकणापाशी बसलो आणि मला ते पुसवेना. हे अक्काच्या हातचं शेवटचं, पुढच्या वर्षी ती नसणार. म्हणून बायकोच्या कपाटातून बिनरंगाचं नेलपॉलिश आणलं आणि कुंकवावर त्याचे तीन थर दिले, एकेक वाळवून. काम इतकं सुबक झालं होतं की मी मोबाइलवर त्याचा फोटोही काढला होता.

हे मी अक्काला सांगितलं. रस्त्याकडेला उभं राहून, शाळेत चूक कबूल करावी तसं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की जाणाऱ्या स्कूटरवाल्याने मान वळवली. ‘अय्यो तम्मा! कुंकू पुसायचंच असतंय रे. पुढच्या वर्षी परत लावतात की.’

‘कोण लावणार?’ मी विचारलं.

तिचं हसू थांबलं. तिने बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढली, झाकण माझ्या हातातून घेतलं आणि नेलपॉलिशच्या तिन्ही थरांतून, कुंकवाच्या बरोबर मधोमध, पिन आरपार घातली. लहानपणी माझ्या पायातला काटा काढायची तितक्याच शांतपणे. कुंकू तसंच राहिलं. झाकण तोंडाशी धरून तिने फुंकून पाहिलं. ‘सरी,’ म्हणाली. ‘चल आता.’

त्यानंतर गाडी कुठंही थांबली नाही. देवनहळ्ळी गेलं, द्राक्षांचे मांडव गेले, नंदीचा घाट लागला. वाऱ्याने अक्काचा रुमाल मागे सरकला तरी तिने तो सावरला नाही. एका वळणावर खालचं सगळं पठार दिसलं तेव्हा तिने दारावर हात ठेवून मान बाहेर काढली, आणि फाटकाशी उभी असलेली ती मुलगी मला एकदम आठवली. मी उगाच बडबडत होतो, पंप, वाफ, हवा. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

वर पोचायच्या जरा आधी तिने विचारलं, ‘तम्मा, या सीटवर एरवी कोण बसतंय रे? बायको येते?’

‘नाही. तिला वारा सोसत नाही.’

‘मग?’

मी गिअर बदलला.

‘टूलबॉक्स,’ मी म्हणालो.

‘वीस वर्षं?’

‘हो.’

ती ‘सरी’ म्हणाली. वर आम्ही कॉफी घेतली, आणि तिने मला पैसे देऊ दिले नाहीत.